धातूतली चूक, उजेडातली चूक

संग्राहकांसाठी पाडलेल्या प्रूफ नाण्यांच्या बाजारात एक समजूत इतकी रुजली आहे की ती समजूत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ती अशी: प्रूफ नाणं टाकसाळ रोजच्या नाण्यांसारखं घाऊक पाडत नाही. चकत्या चकचकीत करून घेतात, ठसे घोटून आरशासारखे करतात, एकेक नाणं तपासून डबीत ठेवतात. इतकी निगा राखूनही एखाद्या नाण्यावर अक्षराशेजारी दुसरं अक्षर डोकावलं, सालाचा आकडा दुहेरी दिसला, चेहरा आत गेलेला वाटला, तर ती टाकसाळीच्या हातून निसटलेली चूक. आणि निगा जेवढी जास्त तेवढी चूक दुर्मिळ, म्हणून किंमतही चढी. पुरावा म्हणून मोबाइलवर मोठा केलेला फोटो पुढे येतो. फोटोत स्पष्ट दिसतंय, मग वाद कसला?

वाद आहे. पण खंडनाआधी पूर्वपक्ष पुरता मांडावा असा शास्त्रार्थाचा रिवाज आहे, आणि या पूर्वपक्षात तथ्य भरपूर आहे. प्रूफ नाण्यांत अस्सल चुका झाल्या आहेत, चांगल्या ठळक झाल्या आहेत. अमेरिकेत १९६८ पासून प्रूफ नाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत पडू लागली आणि त्यांच्यावर ‘एस’ ही खूण आली. ठसे मात्र फिलाडेल्फियाहून तयार होऊन यायचे. एखाद्या ठशावर खूण मारायची राहून गेली की त्या ठशाची सगळी नाणी बिनखुणेची. १९६८ च्या काही डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यांवर, हे झालं. १९७१ साली ३२ लाखांवर प्रूफ संच निघाले. त्यांतली पाच सेंटची १,६५५ नाणी बिनखुणेची असावीत, असा आकडा टाकसाळीनंच दिला. १९९० मध्ये चलनी सेंटसाठी केलेला बिनखुणेचा ठसा प्रूफच्या कामाला लागला. सुमारे ३,७०० नाणी पडली, त्यांतली १४५ टाकसाळीतच सापडली आणि नष्ट झाली, बाकीची गिऱ्हाइकांच्या घरी पोचली.

दुहेरी ठशाची गोष्टही खोटी नाही. ठसा करताना उठावदार नक्षीचा पोलादी पंच, त्याला हब म्हणतात, दुसऱ्या पोलादी तुकड्यावर दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पुरी उतरत नसे. तुकडा तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाबायचा. दुसऱ्या वेळी पंच जरा फिरलेला असला की ठशातच दोन नक्ष्या बसत. १९५५ चा अमेरिकन सेंट यासाठी जगभर प्रसिद्ध आहे; त्याच्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. ते चलनी नाणं होतं, पण १९७१ च्या प्रूफ सेंटमध्येही दुहेरी ठशाचे नमुने नोंदलेले आहेत. तेव्हा ‘प्रूफमध्ये चूक होतच नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा नाही. त्यांचा समाचार पुढे घेऊ.

पूर्वपक्ष जिथे घसरतो ती जागा अनुमानाची आहे. निगा जास्त म्हणून चूक दुर्मिळ, इथवर ठीक. पण चूक दुर्मिळ असेल, तर चुकीसारखं दिसणारं नाणं खरोखर चुकीचं असण्याची शक्यता वाढेल की घटेल? घटेल. तपासनीस ढळढळीत चुका वेचून काढतो. मागे उरतात त्या बारीक. दुसरीकडे, ज्या घोटाईमुळे नाणं प्रूफ ठरतं तीच घोटाई बारीक चुकीसारखे दिसणारे भास शेकड्यांनी निर्माण करते. एका पारड्यातून खऱ्या चुका काढून घेतल्या आणि दुसऱ्यात भास ओतले, असं हे नाणं आहे. खिशातल्या मळक्या पाच रुपयांवर जोडअक्षर दिसलं तर मी जितक्या उत्सुकतेनं भिंग काढीन, त्याहून जास्त संशयानं प्रूफ नाण्यावरच्या जोडअक्षराकडे पाहीन.

भास इतके का होतात हे कळायला नाणं कसं घडतं ते पाहावं लागतं. ठशातली नक्षी खोलगट असते. ती बारीक कणांचा मारा करून, आणि अलीकडे लेझरनं, खरखरीत करतात. नक्षीभोवतीची सपाटी घोटून घोटून आरसा करतात. चकतीही घोटलेली. मग चलनी नाण्यापेक्षा जास्त दाबानं, बहुधा दोन किंवा अधिक ठोक देऊन नाणं पाडतात. परिणाम असा की उठाव दुधाळ आणि सपाटी काळीभोर. आपल्याकडची स्मारक रुपयांची अनेक मोठी नाणी घ्या. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, धातू ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. एवढ्या रुंद नाण्यावर मोकळी सपाटी पुष्कळ. म्हणजे तळहातावर एक आरसाच आला, आणि त्या आरशातून अक्षरं वर उगवलेली.

आता अक्षराची कड त्या आरशात पडणारच. नाण्याकडे अगदी सरळ वरून पाहिलं तर अक्षराची उभी भिंत जवळजवळ दिसत नाही आणि तिचं प्रतिबिंबही दिसत नाही. नाणं कललं की आपल्याकडची भिंत दिसू लागते, आणि तिच्या पायाला चिकटून तेवढ्याच रुंदीची तिची आरशातली जोडीदारीण. अक्षराची उंची ०.१ मिलिमीटर धरा आणि नाणं ३० अंशांत कललेलं धरा. प्रतिबिंबाची पट्टी ०.०५ मिलिमीटर रुंद दिसेल. नुसत्या डोळ्याला ती जाणवायची नाही, पण दहापटीच्या भिंगात तीच अर्धा मिलिमीटर होते. बारीक दुहेरी ठशातही भिंग लावून शोधायची ती एवढ्याच मापाची जोडरेघ. बाजारात ‘डबल डाय’ म्हणून फिरणाऱ्या प्रूफ नाण्यांच्या फोटोंत मला बहुतेक वेळा हीच जोडीदारीण भेटली आहे.

तिला ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. नाणं टेबलावर ठेवा, डोळा आणि दिवा हलवू नका, आणि नाणं जागच्या जागी अर्धा फेरा फिरवा. अक्षरं आता उलटी झाली. जोडरेघ अक्षराच्या पायाशी होती ती पायाबरोबर पलीकडे गेली, तर ती धातूत आहे. ती अजून तुमच्याच बाजूला, म्हणजे आता अक्षराच्या डोक्याशी आली असेल, तर ती प्रतिबिंब आहे. प्रतिबिंबाची निष्ठा पाहणाऱ्याशी असते, नाण्याशी नसते.

आपल्या दर्शनांनी भ्रमावर जेवढी शाई खर्च केली तेवढी क्वचितच कोणी केली असेल, आणि गंमत म्हणजे त्यांचं लाडकं उदाहरण रुप्याचंच आहे: शिंपला पाहून रुपं आहे असं वाटणं. नैयायिक याला अन्यथाख्याती म्हणतात. दुसरीकडचा धर्म इथे चिकटवला जातो. प्रभाकर मीमांसकांना हे पटत नाही. त्यांच्या मते खोटं ज्ञान असं काही नसतंच. दोन ज्ञानं असतात, दोन्ही आपापल्या जागी खरी, फक्त त्यांतला भेद पकडला जात नाही. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो तेव्हा पित्ताचा पिवळेपणाही खरा आणि शंखही खरा. प्रूफ नाण्यावरच्या जोडअक्षराला प्रभाकरांचा निवाडा चपखल बसतो. अक्षर खरं, प्रतिबिंबही खरंच. दोन्ही एकाच धातूत कोरलेली आहेत एवढं मात्र खोटं. म्हणूनच ‘मला स्पष्ट दिसतंय’ या साक्षीला उत्तर देताना साक्षीदाराला खोटं ठरवायची गरज पडत नाही. त्यानं पाहिलं ते बरोबर पाहिलं. त्यानं एकाचं नाव दुसऱ्याला दिलं.

नैयायिकांचा निवाडा लागू पडतो तो दुसऱ्या भासाला, आणि तो मला अधिक रंजक वाटतो. प्रूफ नाण्याचा फोटो पाहताना चेहरा अचानक आत गेलेला दिसतो, जणू नक्षी उठावाची नसून खोदलेली आहे. डोळे मिटून उघडले की पुन्हा वर येतो. या चकव्याचा उलगडा १७८६ साली फिलाडेल्फियात छापून आला. डेव्हिड रिटनहाउस हा घड्याळजी आणि खगोलज्ञ. उलटी प्रतिमा दाखवणाऱ्या भिंगातून पाहताना उंचवटे खळगे का वाटतात, याचं कारण त्यानं सांगितलं: उजेड कुठून येतो याविषयी मन काही गृहीत धरतं, आणि ते गृहीत चुकलं की उंच-खोल यांची अदलाबदल होते. प्रतिमा उलटली, पण दिवा कुठे आहे याची आपली कल्पना उलटली नाही. पुढे १८३२ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं नैसर्गिक जादूवरच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराची सविस्तर चर्चा केली. उठावाची रत्नं खोदलेली आणि खोदलेली रत्नं उठावाची कशी दिसतात, हे त्यानं मांडलं. चंद्रावरची विवरं फोटोत टेकड्यांसारखी दिसतात ती याच न्यायानं. उजेड वरून येतो असं आपण जन्मभर धरून चाललेलो असतो.

रिटनहाउसची पुढची हकिगत नाणेसंग्राहकांना माहीत असायला हवी, पण क्वचितच असते. हा निबंध छापून सहा वर्षं झाली आणि १७९२ मध्ये अमेरिकेच्या टाकसाळीची स्थापना झाली. तिचा पहिला संचालक हाच रिटनहाउस. ज्या माणसानं हा भास उकलला त्याच्याच टाकसाळीची नाणी आज या भासापायी ‘एरर’ म्हणून विकायला निघतात.

प्रूफ नाण्यावर हा भास जास्त जोरकस का होतो, याचं कारणही आरशातच आहे. उंची कळायला आपल्याला सर्वांत मोठा आधार सावलीचा. आरशावर सावली पडत नाही. चलनी नाण्याच्या मंद सपाटीवर नाकाची, हनुवटीची सावली पडते आणि डोळा ठिकाणावर राहतो. प्रूफच्या काळ्या सपाटीवर तो आधारच नाही. त्यात कोणी खालून टॉर्च मारून फोटो काढला की खेळ खलास.

याची परीक्षा सोपी आहे. नक्षी खरोखरच आत गेलेली, आणि तीही चुकीनं, अशी एक जात टाकसाळीत असते: ब्रॉकेज. जुन्या बाजारात तिला लाखी म्हणतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावर आपटते, आणि त्या नाण्याची मुद्रा चकतीवर खोल आणि उलटी उमटते. उलटी हा शब्द इथे निर्णायक आहे. लाखीवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलट दिशेनं वाचावी लागतात. फोटोतला चेहरा खोलगट आहे पण अक्षरं सुलट वाचता येत आहेत, तर फोटो १८० अंशांत फिरवून पाहा. चेहरा वर येईल. मुद्दाम खोदीव घडवलेली नाणीही आहेत, बेला लायन प्रॅट यानं अमेरिकेसाठी केलेली १९०८ पासूनची अडीच आणि पाच डॉलरची सोन्याची नाणी तशी होती. ती चूक नव्हे, ती रचना.

रेघांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे आणि व्यवहारात तोच जास्त नडतो. प्रूफच्या सपाटीवर भिंगातून केसासारख्या रेघा दिसतात. त्या दोन जातींच्या असतात. ठसा घोटताना त्याच्यावर ओरखडे उठतात. ठशावरचा खोल ओरखडा नाण्यावर उंच रेघ होऊन येतो. ही टाकसाळीची खूण. दुसऱ्या रेघा कोणी तरी नाणं फडक्यानं पुसलं त्याच्या, त्या धातूत खोल गेलेल्या. ही मालकाची करणी, आणि नाण्याचं मोल खाली आणणारी. पहिली जात उंच, दुसरी खोल. आणि उंच-खोल ओळखण्यात डोळा किती कच्चा आहे ते आत्ताच पाहिलं. काळ्या आरशावर दोन्ही सारख्याच पांढऱ्या चमकतात. पुसल्याचे ओरखडे ‘डाय लाइन’ म्हणून विकले जातात ते या अडचणीचा फायदा घेऊन. अशा वेळी चमक पाहत बसू नये, रेघेचा रस्ता पाहावा. घोटाईचं फडकं ठशाच्या सपाटीवरून फिरतं. तिथे अक्षरं खड्ड्यात असल्यानं त्यांच्या तळाशी ते पोचत नाही. म्हणून घोटाईची रेघ नाण्यावर अक्षराच्या कडेपाशी थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते, जणू अक्षराखालून गेली. पुसणाऱ्याचं फडकं मात्र वर आलेल्या अक्षराच्या माथ्यालाच आधी लागतं. रेघ अक्षरावरून गेली असेल तर टाकसाळीचा तिच्याशी काही संबंध नाही. ब्रिटिश अमलातल्या रुपयांचे जुने ठसे वापरून मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी पुढे संग्राहकांसाठी जी पुनर्मुद्रित प्रूफ नाणी पाडली, त्यांच्यावर गंजलेल्या ठशाचे बारीक फोडही सापडतात. ठशावर गंजाचा खळगा, म्हणून नाण्यावर फोड. तेही उंच असतात आणि तेही धातूतच असतात.

इथवर एक पायरी झाली: उजेडानं आणलेलं आणि धातूत असलेलं यांची फारकत. वेदान्ती ज्याला बाध म्हणतात तो इथे चालवायचा. दिवा हलवला, नाणं फिरवलं आणि दिसणं मोडलं, तर तो भास. पुष्कळ चांगले संग्राहक इथेच थांबतात, आणि प्रचलित मताची दुसरी बाजू इथूनच शिरते: उजेड बदलूनही टिकलं, म्हणजे अस्सल एरर. हेही चूक. धातूत असणं ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही.

ठोक बसल्यावर, ठसा वर उचलला जाण्याच्या क्षणी, तो जरा ढिला असेल तर नुकत्याच उमटलेल्या अक्षराला खरवडतो. अक्षराच्या एका बाजूला पायरीसारखा सपाट कठडा तयार होतो. याला यंत्राचं दुहेरीपण म्हणतात, आणि दिवा कितीही फिरवा, तो कठडा हलत नाही, कारण तो खरोखर आहे. पण ठशात एकच अक्षर होतं. दुहेरी ठशात अक्षर रुंद होतं, त्याच्या टोकाशी फाटा फुटल्यासारखी खाच दिसते आणि दोन्ही प्रतिमांना गोलाई असते. यंत्राच्या दुहेरीपणात अक्षर मुळापेक्षा बारीक होतं, कारण त्याचाच धातू खरवडून कठडा झालेला असतो. प्रूफ नाणं इथे तपासणाऱ्याला एक जास्तीची सोय देतं, जी चलनी नाण्यात नाही. ठशाला दुधाळपणा दिला तेव्हा दुहेरी नक्षी त्यात आधीच होती; म्हणून अस्सल दुहेरी अक्षराच्या दोन्ही प्रतिमा बहुधा दुधाळच निघतात. खरवडलेला कठडा मात्र चकाकतो, कारण खरवडण्यानं दुधाळपणा पुसला गेला. दुधाळ अक्षर आणि त्याच्या कुशीत चकचकीत पायरी, हे दिसलं की डबल डायची आशा सोडावी.

उलटही होतं. ठशावर दुधाळपणा देताना त्याची हद्द अक्षराच्या हद्दीशी तंतोतंत जुळली नाही, तर अक्षराबाहेर सपाटीवर दुधाळ किनार पसरते. दिसायला दुहेरी, पण त्या किनारीला उंचीच नसते. आणि प्रूफला दोन ठोक मिळत असल्यानं, दोन ठोकांच्या मध्ये चकती केसभर सरकली तर खरी दुहेरी मुद्राही उमटते. ती टाकसाळीतली घटना आहे, मोलाचीही असू शकते, पण ठशाचा दोष ती नाही. तिला डबल डाय म्हणून विकणं म्हणजे एका दुर्मिळ गोष्टीला दुसऱ्याच दुर्मिळ गोष्टीचं भाडं लावणं. ठोक देताना ठशावर पडलेल्या धाग्याचा खोल ठसा प्रूफ नाण्यांवर वारंवार मिळतो, त्यावर वेळ घालवू नये.

फोटोबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार त्याच्यावर आहे. जितकं मोठं करून पाहू तितकं सत्याच्या जवळ जाऊ, ही समजूत आरशाच्या बाबतीत साफ उलटी आहे. स्वस्त यूएसबी मायक्रोस्कोपच्या तोंडाभोवती एलईडी दिव्यांचं कडं असतं. चकचकीत कडेवर प्रत्येक दिव्याची स्वतंत्र चमक उठते. आठ दिवे असतील तर एका कडेला आठ तिरीपा. त्यांतल्या दोन शेजारशेजारच्या तिरीपा म्हणजेच ‘दुहेरी रेघ’. मोबाइल तर एक फोटो काढतच नाही. लागोपाठ अनेक घेऊन जुळवतो, मग कडा ठळक करतो, आणि ठळक करताना काळ्यापांढऱ्याच्या सीमेवर स्वतःची एक किनार ओढतो. प्रूफ नाण्यावर काळ्यापांढऱ्याच्या सीमा सोडून दुसरं असतं काय? त्यात नाणं प्लास्टिकच्या कुपीत असलं की प्लास्टिकच्या दोन पृष्ठभागांमधून परावर्तन होऊन आणखी एक फिकट प्रतिमा मिळते. प्रमाणपत्रवाल्या संस्थांच्या बंद डब्यातलं नाणं म्हणून फोटो विश्वासार्ह, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. डबा नाण्याच्या अस्सलपणाची हमी देत असेल, स्वतःच्या प्लास्टिकमधून दिसणाऱ्या प्रतिमेची देत नाही. दहापटीचं साधं भिंग, खिडकीचा पसरट उजेड आणि नंतर एका बाजूनं येणारा एकच दिवा, एवढ्यावर माझ्या माहितीतले जाणकार काम भागवतात.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांना प्रूफवरचं सगळंच माया वाटतं. दाखवलं की ‘रिफ्लेक्शन आहे’ म्हणून मोकळे. हा आळस आहे, संशय नव्हे. संशयाचा अतिरेक काय करतो याचं उदाहरण १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्को सेंटचं. तो चलनी सेंट होता, पण धडा इथलाच. त्याच सुमारास दुहेरी अक्षरांचे बनावट सेंट बाजारात आले होते. मग टाकसाळीच्या ठशातून निघालेले अस्सल दुहेरी सेंट पुढे आले तेव्हा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं सुरुवातीला तेही बनावट समजून जप्त केले. अस्सल असल्याचं नंतर मान्य झालं. ‘असं होणं शक्य नाही’ हे वाक्य ‘मला दिसतंय’ एवढंच आंधळं असू शकतं. ठसा एकाच दाबात पुरा करण्याची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत सर्रास झाली तेव्हा दुहेरी ठसे संपले असं अनेकांनी जाहीर केलं. तेही संपले नाहीत. पंच टेकताना जरा कललेला असला की नाण्याच्या मध्यभागी बारीक दुहेरीपण अजूनही उमटतं.

आपल्याकडच्या दोन गैरसमजांचा उल्लेख करायला हवा, जरी ते उजेडाचे नसले तरी. पहिला बिनखुणेचा. अमेरिकेतल्या बिनखुणेच्या प्रूफ नाण्यांच्या किमती वाचून इथे लोक सालाखालची खूण नसलेली नाणी बाजूला काढतात. मुंबईच्या चलनी नाण्यांवर हिऱ्याची खूण, प्रूफवर पूर्वी बी आणि नंतर एम. हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसतेच. आपल्या नाण्यावर खूण नसणं म्हणजे बहुधा कोलकात्याचा पत्ता, चूक नव्हे. दुसरा ठसा फिरल्याचा. आपली नाणी डावीउजवीकडे उलटली तर मागची बाजू सुलट येते. अमेरिकेची नाणी तशी उलटली तर मागची बाजू डोक्यावर उभी राहते, कारण त्यांच्याकडे वरखाली उलटायची रीत आहे. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला प्रूफ संच उघडून त्यातली सगळीच नाणी ‘रोटेटेड डाय’ निघाल्याचा आनंद झाला असेल, तर त्यात एकही नाही. फिरलेला ठसा म्हणजे त्या त्या देशाच्या रिवाजापासून फिरलेला.

शेवटी विक्रेत्यांचा सर्वांत आवडता युक्तिवाद उरतो: ‘जगात हा एकच नमुना आहे.’ लाखी, दोन ठोकांत सरकलेली चकती, धाग्याचा ठसा या एकेका नाण्याच्या घटना आहेत, तिथे हे चालेल. पण डबल डाय म्हणून दाखवलेल्या नाण्याबाबत हे वाक्य उच्चारणारा आपल्याच बाजूची साक्ष मोडतो. चूक ठशात असेल तर त्या ठशाखालून गेलेल्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी, त्याच दिशेनं आणि त्याच मापानं असायला हवी. प्रूफचा ठसा लवकर निवृत्त करतात, तरी तो एका नाण्यासाठी कोणी करत नाही. म्हणून विक्रेत्याकडे मागायचं ते आणखी मोठं केलेलं छायाचित्र नव्हे, दुसरं नाणं. यावर कोणी १९७५ च्या बिनखुणेच्या प्रूफ डाइमकडे बोट दाखवील, ज्याचे दोनच नमुने आजवर माहीत आहेत. पण तिथेही दोन आहेत, दोन्हींवर एकाच जागी एकच अक्षर नाही, आणि ते कोणत्याही दिव्याखाली नाही.